आधी छप्पर, मग रंग: जुना ट्रेलर आणि जुना ट्रक हाती घेताना

जुना पिकअप ट्रक आणि त्याच्यामागे ओढायचा जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, ज्यांच्याकडे आहे, त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. "रंग पांढुरका पडलाय, कोणतं पॉलिश घेऊ?" आणि "छपरातून पाणी येतंय, कोणतं सीलंट (फटी बुजवायचा लेप) मारू?" दोन्ही प्रश्नांत डबा आधी येतो आणि तपासणी मागे राहते. म्हणून पॉलिश करूनही दोन महिन्यांत रंग पुन्हा खडूसारखा होतो, आणि सीलंटचे थरावर थर चढवूनही पावसात गादी भिजतेच.

दोन्ही कामं करायची असतील तर छप्पर आधी, रंग नंतर. ओल थांबून राहत नाही, ती रोज थोडं लाकूड खाते; रंग आणखी महिनाभर तसाच राहिला तरी बिघडत नाही. शिवाय छपराच्या कामात लाकडाचा भुसा उडतो, सीलंटचे हात सगळीकडे लागतात, आणि उंची मिळावी म्हणून लोक ट्रकच्याच हौद्यात शिडी उभी करतात. नुकताच चमकवलेला ट्रक त्या धुळीत उभा करू नका. सिलिकॉन सीलंटचा तर अंशही रंगकामाजवळ नको. पत्र्यावर त्याचा पुसट हात लागला असेल तर नवा रंग तिथे धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

पुढचं सगळं लाकडी सांगाडा, त्यावर प्लायवूड आणि वर रबरी शीट अशा छपरासाठी आहे. ॲल्युमिनियमच्या किंवा एकसंध फायबरग्लासच्या छपराची रीत वेगळी असते.

पहिला भाग: ट्रेलरचं छप्पर

टप्पा १: ओल कुठवर गेली आहे ते शोधा

पाणी आत जिथे टपकतं तिथे वर भोक नसतं. ते एखाद्या वाशावरून दोन-तीन फूट वाहत जातं आणि सोयीच्या जागी खाली उतरतं. त्यामुळे डागाच्या बरोबर वर सीलंट लावून काम झालं असं समजू नका.

आतून सुरुवात करा. वरची कपाटं रिकामी करून त्यांचे मागचे कोपरे हाताने दाबून पाहा. छताचा पातळ तक्ता फुगलाय का, वॉलपेपरला सुरकुत्या आहेत का, कुबट वास येतो का, हे बघा. लाकडातली ओल मोजायचं साधं दोन सुयांचं मीटर मिळतं, ते घ्याच. २० टक्क्यांच्या वर आकडा राहिला की कुजवणाऱ्या बुरशीला रान मोकळं होतं.

मग वर चढा, पण थेट पाय ठेवून चालू नका. चाकांना उट्या लावा, चारही कोपऱ्यांचे टेकू खाली करा, आणि छपरावर प्लायवूडचा एक रुंद तुकडा आडवा टाकून त्यावर गुडघ्यांवर सरका. तळहाताने दाबत पुढे जा. धड भाग टणक लागतो. कुजलेला भाग ओल्या पुठ्ठ्यासारखा दबतो आणि हात काढल्यावर सावकाश वर येतो. तो स्पर्श एकदा कळला की पुन्हा विसरत नाही. दबणाऱ्या प्रत्येक जागेभोवती खडूने रेघ ओढा.

सर्वांत जास्त गळती कुठून होते? पुढचे-मागचे आडवे सांधे, चारही कोपरे, हवेच्या झडपा, सांडपाण्याच्या नळांची तोंडं आणि एसीखालचं गॅस्केट (मधे दाबून बसवायची मऊ गादी). शीटच्या मधोमध भोक पडलेलं क्वचितच सापडतं, फांदी घासली असेल तर.

*निर्णय:* लाकूड सगळीकडे टणक आणि कोरडं असेल तर छप्पर उतरवू नका. जुनं सीलंट खरवडून सांधे नव्याने भरणं पुरेसं आहे. खडूच्या रेघा दोन-तीन ठिकाणी निघाल्या, तर वरून काहीही लावलं तरी आतली ओल कोंडून राहणार. मग पुढचे टप्पे वाचा.

टप्पा २: शीट उतरवण्याआधीची तयारी

या टप्प्याला लोक अर्धा तास देतात. त्याला पूर्ण दिवस द्या.

सलग कोरडे दिवस निवडा, आणि त्या भरवशावरही न राहता मोठी ताडपत्री आधीच आणून ठेवा. ताडपत्री छपरावर सपाट टाकली की तिच्यात तळं साचतं. मधोमध लांब फळी उभी-आडवी ठोकून कणा करा, म्हणजे ताडपत्रीला दोन्हीकडे उतार मिळेल. हा कणा उघड्या छपरावर पाऊस आल्यावर उभा करता येत नाही, आधीच तयार हवा.

नवी शीट, गोंद, सीलंट, ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी), स्क्रू आणि गॅस्केट हातात आल्याशिवाय एकही स्क्रू सोडवू नका. छपराच्या शीटचे ईपीडीएम आणि टीपीओ असे दोन प्रकार मिळतात; कोणती घेताय ते ठरवा आणि गोंद व सीलंट त्याच शीटला चालणारं घ्या. एकाचं दुसऱ्याला चालेलच असं नाही. शीट अखंड, एकाच तुकड्याची असावी. लांबी-रुंदी मोजताना कडेवरून खाली वळणारा भाग धरा आणि प्रत्येक बाजूला किमान १५ सेंटीमीटर जास्त ठेवा. छपराच्या मधे सांधा घेणं म्हणजे पुढच्या गळतीची जागा आजच ठरवणं.

सीलंट दोन प्रकारचं लागतं. सपाट भागासाठी आपोआप पसरणारं, उभ्या भागासाठी न ओघळणारं. पसरणारं सीलंट उभ्या कडेवर लावलं की तासाभरात त्याचे ओघळ भिंतीवर येतात.

वीज आणि गॅस बंद करताना क्रम पाळा. बाहेरची वीज काढा. छपरावर सोलर पॅनेल असेल तर आधी पॅनेलची तार कंट्रोलरपासून (पॅनेल आणि बॅटरीमधल्या यंत्रापासून) सोडवा, मग बॅटरी; पॅनेल उन्हात सतत वीज तयार करतं, म्हणून त्यावर जाड कापड टाका. गॅस सिलिंडरची तोटी बंद करा, कारण गॅसवर चालणाऱ्या फ्रिजची धुराडी छपरातूनच जाते.

आणि फोटो काढा. प्रत्येक झडप, प्रत्येक तार, प्रत्येक पट्टी, जवळून एक आणि लांबून एक. स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत घालून वर जागेचं नाव लिहा. एसीचे लांब बोल्ट आणि कडेच्या पट्टीचे छोटे स्क्रू एकाच डब्यात पडले, की बसवताना लांब स्क्रू चुकीच्या जागी जातो आणि खालची तार फोडतो.

टप्पा ३: सामान उतरवणं

एसी आधी. तो आतून चार लांब बोल्टांवर आवळलेला असतो. आतलं झाकण काढा, तारांवर खुणेच्या चिकटपट्ट्या लावा, मग सोडवा. एसीचं वजन साधारण ३५ ते ५० किलो भरतं. एकट्याने उचलू नका आणि शिडीवरून हातात घेऊन उतरू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही विजेचा साठा राहतो, त्यामुळे खोलून आत हात घालायचं कारण नाही.

नंतर झडपा, नळांच्या टोप्या, काचेची खिडकी. सीलंटचा डोंगर उपसायला हीट गन कमी आचेवर चालवा आणि प्लास्टिकची खरवडणी वापरा. काढलेलं सगळंच पुन्हा बसवू नका. उन्हाने ठिसूळ झालेली प्लास्टिकची टोपी बोटांनी वाकवून पाहा. करकरली तर नवी घ्या.

शेवटी कडेच्या लांब पट्ट्या. आतली व्हिनाइलची फीत ओढून काढली की स्क्रू दिसतात. इथे एक गोष्ट नीट बघायला थांबा. स्क्रू फिरवल्यावर तो जागच्या जागी गरगर फिरत राहिला आणि ओढून काढल्यावर त्याच्या आट्यांत तपकिरी, ओलसर भुगा अडकलेला दिसला, तर तिथलं लाकूड गेलंय. वरून कितीही छान दिसत असू दे. अशा प्रत्येक जागी बाहेरच्या भिंतीवर चिकटपट्टीची खूण करा. माझ्या पहिल्या कामात मी हे स्क्रू नुसते फेकून दिले आणि खुणा केल्या नाहीत. छप्पर नवं झालं, पण मागच्या कोपऱ्यातला कुजका खांब तसाच राहिला, आणि पुढच्या वर्षी ती पट्टी धावत्या ट्रेलरवरून सुटली.

आता जुनी शीट मागून पुढे गुंडाळत काढा. प्लायवूडची वरची साल तिच्याबरोबर निघेल, त्याने घाबरू नका.

टप्पा ४: लाकूड

उघडं छप्पर पाहिल्यावर घाई होते. आभाळाकडे लक्ष असतं आणि वाटतं, काळवंडलेलं दिसत असलं तरी चालून जाईल. पेचकस घ्या आणि टोचा. धड लाकडात टोक अडतं, कुजक्यात लोण्यात घुसावं तसं जातं. मऊ भाग संपतो तिथे कापू नका. पुढच्या धड वाशाच्या मध्यापर्यंत कापा, म्हणजे नव्या तुकड्याच्या कडेला टेकायला आधार मिळेल. करवतीची खोली प्लायवूडच्या जाडीइतकीच ठेवा. खाली तारा असतात.

वासा अर्धवट गेला असेल तर त्याच्या शेजारी तेवढ्याच उंचीचा नवा वासा गोंद आणि स्क्रूने जोडा. एसीच्या साधारण १४ इंची चौकोनी भोकाभोवतीची चौकट विशेष बघा, तिच्यावर सगळा भार आहे. भिजलेलं इन्सुलेशन वाळवून परत घालू नका, टाकून द्या. उरलेलं लाकूड पंखा लावून वाळवा आणि मीटर १५ टक्क्यांखाली येईपर्यंत थांबा. ताडपत्री तयार ठेवायला सांगितली ती याच दिवसांसाठी.

नवं प्लायवूड जुन्याच जाडीचं घ्या. "जरा जाड टाकू, मजबूत होईल" हा विचार दोनदा नडतो: कडेच्या पट्ट्या आणि पुढची टोपी जागेवर बसत नाही, आणि ट्रेलरचं वजन नको तिथे, म्हणजे माथ्यावर वाढतं. जुन्या तक्त्यांवर नवा थर टाकणं तर नकोच.

दोन तक्त्यांत ३ मिलिमीटर फट ठेवा, लाकूड फुगतं तेव्हा ती लागते. स्क्रू कडेला १५ आणि मधे ३० सेंटीमीटरवर, डोकी पृष्ठभागाच्या किंचित खाली. मग सगळे सांधे घासून सपाट करा, त्यांवर सांध्याची खास टेप लावा, आणि व्हॅक्यूम फिरवा. भुसा फुंकून उडवू नका, तो परत येऊन बसतो.

*तपासणी:* हातमोजे काढून उघडा तळहात संपूर्ण छपरावरून फिरवा. बोटाला लागलेला प्रत्येक खडा, प्रत्येक वर आलेलं स्क्रूचं डोकं उद्या शीटमधून दिसणार आणि परवा तिथूनच शीट झिजणार.

टप्पा ५: शीट चिकटवणं

शीट उलगडून छपरावर पसरा आणि निदान अर्धा तास तशीच पडू द्या, घड्या सैल होतात. चारही बाजूंना सारखी लोंबते ना ते पाहा. मग अर्धी शीट मागे दुमडा.

पाण्यावर आधारित गोंद फक्त लाकडावर, रोलरने, अखंड थरात लावा आणि ओला असतानाच शीट त्यावर टेकवत न्या. चपलेच्या किंवा सनमायकाच्या गोंदाची सवय असलेले लोक इथे हमखास चुकतात: तो गोंद दोन्ही बाजूंना लावून सुकेपर्यंत थांबायचं असतं, हा नाही. याच्यावर साय धरली की पकड गेली. डब्यावर वेगळी कृती दिली असेल तर मात्र डब्याचं ऐका. एका वेळी हात पोहोचेल तेवढाच पट्टा घ्या. हवा १० अंशांखाली असेल किंवा छप्पर कडक उन्हात तापलं असेल, तर त्या दिवशी हे काम नको.

मऊ झाडू मधल्या रेषेपासून कडेकडे फिरवत हवा बाहेर काढा. मग दुसरी अर्धी बाजू. शीट ताणू नका, नुसती ठेवायची आहे. ताणलेलं रबर आकसतं आणि कोपऱ्यांतून ओढ बसते. बारीक फुगे बहुतेक वेळा गोंदातलं पाणी लाकडात मुरलं की काही दिवसांत बसतात. ते सुईने टोचण्याचा मोह टाळा, तुम्ही नव्या छपराला भोक पाडताय.

भोकं सर्वांत शेवटी कापा. चौकोनी भोकावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मारा आणि चारही पाकळ्या आत वळवून चौकटीच्या उभ्या बाजूला स्टेपल करा. चौकोन सरळ कापून काढला तर ओलीपासून राखणारी ती वळलेली कड मिळत नाही. नळाच्या तोंडासाठी छोटं भोक कापून शीट नळावरून ताणून बसवा.

*सावधान:* ईपीडीएम पुसायला पेट्रोल, थिनर किंवा टर्पेंटाइन वापरू नका. रबर फुगतं. सौम्य साबण आणि पाणी पुरे.

टप्पा ६: कडा

शीट किती छान चिकटली यावर गळती ठरत नाही, कडांवर ठरते. म्हणून अंग शिणलं असेल तर इथे थांबा आणि दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी करा.

शीट कडेवरून खाली वळवून स्टेपल करा, पण स्टेपल पट्टीखाली झाकले जातील तिथेच. पट्टीच्या मागच्या बाजूला ब्यूटाइल टेप अखंड लावा, कोपऱ्यात तुकडे जोडू नका. टप्पा ३ मध्ये खूण केलेली भोकं आठवा: तिथलं लाकूड बदललं असेल तर प्रश्न नाही, भोक नुसतं सैल असेल तर लाकडी खुंटी गोंद लावून ठोका आणि नव्याने भोक पाडा. जुने गंजके स्क्रू नकोत, स्टेनलेसचे वापरा. पट्टी मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे आवळत न्या. टेप कडेतून थोडी बाहेर डोकावली म्हणजे दाब बरोबर आहे. जास्तीची टेप लगेच कापू नका, काही उन्हं खाऊन ती आणखी बाहेर येते, मग कापा.

प्रत्येक आच्छादनाला एकच नियम लावा: वरचं खालच्याच्या वरून आलं पाहिजे, जसं कौलांवर असतं. पाणी कधीही सांध्याच्या तोंडात जाता कामा नये.

सिलिकॉन कुठेही नको. ते रबराला नीट धरत नाही, आणि एकदा लागलं की त्यावर नंतर दुसरं काहीच चिकटत नाही.

टप्पा ७: सामान बसवणं आणि पाण्याची परीक्षा

झडपांच्या खाली ब्यूटाइल टेप, मग स्क्रू, मग स्क्रूंच्या डोक्यांवर आणि पूर्ण कडेवर पसरणारं सीलंट. एसीची रीत वेगळी आहे. त्याखाली फक्त नवं गॅस्केट, आणि चारही बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळत गॅस्केट निम्म्या जाडीवर आणायचं. त्याहून आवळलं तर गॅस्केट मरतं. एसीभोवती बाहेरून सीलंट भरू नका. खालून शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाट बंद होते आणि ते आत उतरतं.

सीलंट किमान एक दिवस धरू द्या. मग परीक्षा: एक जण आत टॉर्च घेऊन, एक जण बाहेर नळी घेऊन. खालच्या कडेपासून सुरू करा, एकेका जागी दहा मिनिटं, आणि मगच वर सरका. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून वाहतं आणि गळती दिसली तरी कुठून ते कळत नाही. दाबाने पाणी मारणारं यंत्र वापरू नका.

दुसरा भाग: ट्रकचा रंग

हात, कपडे आणि टॉवेल बदला. छपराच्या कामातलं एकही फडकं इकडे आणू नका.

टप्पा ८: रंग कोणता आहे आणि किती उरलाय

जुन्या रंगांचे दोन प्रकार असतात. एकथरी रंगात रंगद्रव्य आणि चमक एकाच थरात असते. क्लिअर कोटवाल्यात रंगाच्या वर पारदर्शक थर असतो. ओळखायला दाराच्या खालच्या, नजरेआडच्या जागी पांढऱ्या फडक्यावर थेंबभर पॉलिश घेऊन चोळा. फडक्यावर ट्रकचाच रंग उतरला तर एकथरी. लाल ट्रकवर हे करताना फडकं कुंकू पुसल्यासारखं होतं आणि मालक दचकतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, मेलेला थर निघतोय.

फडकं पांढरंच राहिलं तर क्लिअर कोट आहे, आणि मग दुसरा प्रश्न: तो जिवंत आहे का? पत्र्यावर पाणी मारा. पांढुरका भाग सगळीकडे सारखा असेल आणि ओला झाल्यावर खोल, मूळ रंग दिसत असेल तर पॉलिशने बरंच साधेल. पण बॉनेट आणि टपावर नकाशासारखे पांढरे बेट, त्यांची कड नखाला लागणारी, पापुद्रे निघणारी, असं दिसलं तर क्लिअर कोट सुटलाय. तो कोणत्याही पॉलिशने परत चिकटत नाही. तो भाग घासून नव्याने रंगवणं एवढाच इलाज.

जाडी मोजायचं यंत्र उसनं मिळालं तरी आणा. कारखान्यातून आलेल्या रंगाचे सगळे थर मिळून बहुधा १०० ते १५० मायक्रॉन भरतात, आणि त्यात क्लिअर कोट ४०-५०, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. एखाद्या दारावर आकडा एकदम दुप्पट-तिप्पट आला तर ते पुन्हा रंगवलेलं आहे. ५००च्या पुढे गेला तर खाली बहुधा लांबी (पत्र्याचे खड्डे भरायचा लेप) भरलेली आहे. उलट आकडा ८०-९० असेल तर आधी कुणीतरी भरपूर घासलंय. तिथे फक्त हाताने, सौम्य पॉलिश.

टप्पा ९: धुणं

सावलीत, थंड पत्र्यावर. दोन बादल्या: एकीत शाम्पू, दुसरीत हात धुवायचं साधं पाणी. वरून खाली. भांडी घासायची पावडर किंवा द्रव नको.

धुतल्यावर हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्यावरून फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत लागलेला रंग पिशवीतून खरखरीत लागतो. ती रुतून बसलेली लोखंडाची धूळ आणि झाडाचा चीक असतो. लोहकण विरघळवणारं द्रावण मारा (जांभळे ओघळ येतील), धुवा, आणि मग भरपूर ओलाव्यावर क्ले बार (रुतलेली घाण उचलणारा मऊ मातीसारखा गोळा) फिरवा. क्ले जमिनीवर पडला तर तो टाकून द्या. हा टप्पा गाळला तर तीच धूळ पॉलिशच्या पॅडमध्ये अडकून सगळ्या ट्रकवर ओरखडे काढते.

टप्पा १०: गंज

पॉलिशच्या आधी, नंतर नाही. बुडबुड्यासारखा फुगलेला रंग म्हणजे खालून गंज आला. दिसतो त्याच्या दुप्पट-तिप्पट पसरलेला धरून चाला. पेचकसने टोचा. टोक आरपार गेलं तर तो पत्रा कापून नवा जोडावा लागेल, लांबीने झाकलेला गंज वर्षभरात परत वर येतो.

पत्रा शाबूत असेल तर ८० नंबरच्या पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, बारीक खड्ड्यांत गंज बदलणारं द्रावण लावा, मग एपॉक्सी प्रायमर. लांबी लागली तर मी ती प्रायमरवर भरतो, उघड्या पत्र्यावर नाही. ती ओल धरून ठेवते. भोवतीच्या रंगाची कड १८० आणि ३२० नंबरने इतकी निमुळती करा की डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी लागणार नाही.

*सावधान:* फार जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासू नका, ओला वॉटर पेपर वापरा, मास्क घाला, मुलांना लांब ठेवा. आणि हार्डनर मिसळायचा दोन भागांचा क्लिअर कोट, स्प्रेच्या डब्यातलासुद्धा, आयसोसायनेट हे घातक रसायन सोडतो. त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तो नसेल तर तेवढं फवारणीचं काम रंगाच्या बूथमध्ये द्या. फुप्फुसं एकदा दुखावली की दम्याचा त्रास कायमचा राहू शकतो.

टप्पा ११: नमुन्याचा चौकोन

बॉनेटवर टेपने दोन फुटांचा चौकोन आखा. सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात बारीक पॉलिश घेऊन करून बघा. पुरत नसेल तर पॉलिश बदला, तरी पुरत नसेल तर पॅड. बरेच लोक उलट करतात, सर्वांत जहाल कंपाउंडने (जास्त घासणाऱ्या भरड पॉलिशने) सुरुवात करतात, आणि जो थर वाचला असता तो पहिल्याच दिवशी संपवतात.

आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तिप्पट पाणी घालून चौकोन पुसा आणि टॉर्च तिरका धरून बघा. न पुसता पाहिलं तर पॉलिशच्या तेलाने ओरखडे भरलेले असतात आणि खोटी चमक दिसते. एकथरी रंगावर हे मिश्रण आधी कोपऱ्यात वापरून पाहा.

एकथरी रंग फार कोरडा पडला असेल तर त्याला घासण्याआधी पाजा. तेलकट, न कापणारं ग्लेझ सुती फडक्याने जाडसर चोळून रात्रभर मुरू द्या, सकाळी पुसा. रंग एकदम गडद होतो आणि नंतर कमी पॉलिशमध्ये काम होतं.

टप्पा १२: पॉलिश

रबरी पट्ट्या, प्लास्टिक आणि पत्र्याच्या सगळ्या धारदार कडा मास्किंग टेपने झाका. कडेवर रंग सर्वांत पातळ असतो आणि मशीन तिथेच सर्वांत जास्त खातं. हात बसलेला नसेल तर दुहेरी फिरणारं डीए मशीन घ्या. नुसतं गोल फिरणारं रोटरी एका जागी थोडं थांबलं तरी रंग जाळतं.

पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. मशीन पत्र्याला टेकवून मगच सुरू करा. दोन फुटांचा भाग, आधी आडवे, मग उभे फेरे, प्रत्येक फेरा मागच्याला अर्धा झाकणारा. हात सावकाश, सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर. चार ते सहा फेरे झाले की पुसा आणि पॅड ब्रशने साफ करा. एकथरी रंगात पॅड लवकर भरतो, त्यामुळे चार-सहा पॅड हाताशी ठेवा. अधूनमधून हाताची पालथी बाजू पत्र्याला लावा. टेकवून ठेवता येत नसेल तर थांबा.

टप्पा १३: संरक्षण

पुन्हा पुसा, मग वॅक्स किंवा पेंट सीलंट पातळ थरात. जाड थर लावून फायदा होत नाही, पुसताना दमछाक होते. एकथरी रंगाला वर उन्हाची ढाल नसते, म्हणून त्याला वर्षातून तीन-चार वेळा वॅक्स लागतं. पाण्याचे थेंब गोल न राहता पसरायला लागले की वेळ झाली.

त्याच दिवशी शिडी लावून ट्रेलरचं छप्परही बघून घ्या. दर तीन महिन्यांनी, आणि लांबच्या प्रवासाहून आल्यावर. कोपऱ्यातल्या सीलंटला केसाएवढी चीर दिसली तर तेवढाच भाग साफ करून त्यावर तेच सीलंट भरा, आणि आत जाऊन त्या कोपऱ्यात मीटरच्या सुया टोचून आकडा लिहून ठेवा.